प्रभुभोजनाआधी उठणारा माणूस

मुकुंदवाडीच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा पेला घासायचं काम मार्थाबाईंचं. द्राक्षरसाच्या त्या एकाच पेल्याला सगळी मंडळी ओठ लावायची, पण शांतवन रंगारी त्याआधीच उठून बाहेर जायचा.

"पोटात पाप असंल, दुसरं काय!" मार्थाबाई दोन वर्षं चारचौघींत सांगत राहिल्या.

शांतवन वारला. भेटायला गेलेल्या मार्थाबाईंना त्याची बायको म्हणाली, "टीबी उलटला होता, मावशी. पेल्यातून कुणाला लागू नये म्हणून बाहेर जायचे. खिडकीशी उभं राहून प्रार्थना मात्र पुरी करायचे."

पुढच्या रविवारी पाळकांनी पेला उचलला, तशा मार्थाबाई उठल्या आणि बाहेर त्याच खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. आतून कुजबुज आली, "पोटात पाप असंल."

मार्थाबाईंनी मान डोलावली.