गरम पाण्याची लाइन

ज्योतीरामला एका जागी बसवत नाही. टपरीवर तो चहा उभ्यानं पितो, लग्नाच्या पंगतीत वाढप्यांच्या मागे फिरतो, आणि दवाखान्यात नंबर येईस्तोवर तिथल्या बेसिनखाली डोकावून येतो. बायको म्हणते, यांच्या पायाला भिंगरी आहे. पायाला कसली, भिंगरी डोक्यात आहे. कुरुळीतल्या दोन खोल्यांत जेवायला बसलेल्या या माणसाला पिंपरीतल्या कुणाच्या तरी भिंतीतला जोड आठवतो आणि घास तसाच हातात राहतो.

याचं मूळ त्याच्या धंद्यात आहे. ज्योतीराम प्लंबर आहे, पण अख्खं बाथरूम त्याच्या वाट्याला क्वचितच येतं. कुणी लाइन टाकून गावाला पळतो, कुणी फरशीवाल्याशी भांडून हत्यारं उचलतो, कुणी सरळ फोनच बंद करून टाकतो. मग लोक याला बोलावतात. दुसऱ्यानं अर्धवट सोडलेलं काम पुरं करणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं, आणि खरं सांगायचं तर या नावानंच त्याच्या जिवाला घोर लावला. भिंतीच्या आत दुसऱ्यानं काय करून ठेवलंय ते दिसत नाही, आणि गळायला लागलं की लोक शेवटच्या माणसाचीच गचांडी धरतात.

तरीही घरमालकासमोर तो आधीच्या कारागिराला कधी नावं ठेवत नाही. ही शिकवण चिमाजीकाकांची. बारा वर्षांपूर्वी परांड्याहून येऊन चाकणच्या एका कंपनीत लागलेल्या ज्योतीरामला सातव्या महिन्यात कंत्राटी कामगाराला देतात तसा ब्रेक देऊन घरी बसवलं, तेव्हा निघोज्याच्या या म्हाताऱ्यानं त्याच्या हातात पाना दिला. "दुसऱ्याचं चुकलं तर गप दुरुस्त करायचं. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा न्हाई," असं काकांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

गेल्या मंगळवारी संत तुकाराम नगरातल्या मृदुलाताईंनी त्याला बोलावलं. त्या शाळेत शिकवतात. घरातलं जुनं बाथरूम त्यांनी उकरून नवं करायला घेतलं होतं. भिंतीतले पाइप टाकून झालेले, वर टाइल्स बसलेल्या. नळ, शॉवर आणि गिझर तेवढे जोडायचे राहिले होते.

"आधीचे प्लंबर दोन आठवडे फोनच घेत नाहीत," त्या वैतागून म्हणाल्या. "ठेकेदारानं पाठवलेले. मी दिवसभर शाळेत, मला त्यांचं नावही माहीत नाही."

ज्योतीरामनं भिंतीतून बाहेर आलेली पाइपांची टोकं पाहिली आणि तो चपापला. प्रत्येक टोकावर पेन्सिलीची खूण होती. पाइप जोडात किती आत गेला ते कळावं म्हणून चिमाजीकाका अशी खूण करत. बाकीच्यांना एवढा धीर कुठला! पण काकांची खूण म्हणजे एक सरळ बारीक रेघ. इथं एकेका पाइपावर तीन-तीन रेघा होत्या, वाकड्या, चाचपडत ओढलेल्या.

काम काकांचंच होतं, पण नेहमीचं नव्हतं. पाइपांची तोंडं बंद करून त्यानं हातपंपानं लाइनीत दाब भरला आणि काट्याकडे बघत येरझाऱ्या घालू लागला. गार पाण्याच्या लाइनीचा काटा जागचा हलला नाही. गरम पाण्याच्या लाइनीचा मात्र दहा मिनिटांत निम्म्यावर आला.

"काय झालं?" मृदुलाताई दारात येऊन उभ्या.

"आत कुठंतरी गळतंय, ताई. दोन-तीन टाइल्स फोडाव्या लागतील."

"अहो, परवा तर बसवल्यात! चूक कुणाची आहे ही?"

आता काकांचं नाव सांगितलं असतं तर ते ठेकेदाराकडे गेलं असतं, आणि तिथून अख्ख्या पट्ट्यात. मग काकांना कुणी साधा नळ बदलायलाही बोलावलं नसतं. ज्योतीरामनं मान खाली घातली. "माझीच. पाना घसरला, आतला जोड हलला."

मग मृदुलाताईंनी त्याला असा फैलावर घेतला की वर्गातल्या पोरांनाही इतकं कधी ऐकावं लागलं नसेल. त्यानं ऐकून घेतलं आणि छिन्नी लावली. तिसरी टाइल निघाली, आतलं सिमेंट खरवडलं आणि कोपऱ्यातला जोड नुसता पिळल्यावर हातात आला. गरम पाण्याचा पाइप चिकटवायला पिवळसर सोल्युशन लागतं, गार पाण्याच्या पाइपाला बिनरंगाचं. या जोडावर पिवळ्याचा मागमूस नव्हता. काकांनी डबाच चुकीचा उचलला होता. शिकाऊ पोरानं असं केलं असतं तर काकांनी त्याच्या कानाखाली जाळ काढला असता.

त्यानं आणखी टाइल्स काढून त्या लाइनीचे सगळे जोड कापून नवे केले. ते वाळायला रात्र जाणार होती. घरी जाऊन निवांत पडायचं, तर याच्या डोक्यात भलतंच शिरलं. काकांनी असा डबा आणखी कुठं कुठं वापरला असेल? इथं आपण पाना घसरला म्हणून मोकळे झालो. बाकीच्या घरांत गिझर चालू झाले म्हणजे? काकांचा त्याला संताप आला, आणि संतापाहून जास्त भीती वाटली. त्यानं गाडीला किक मारली आणि तडक निघोजे गाठलं.

चिमाजीकाका ओट्यावर ऊन खात बसले होते. ज्योतीराम दोन हातांवर येऊन उभा राहिला तरी त्यांनी विचारलं, "कोण हाय?"

त्यानं पिशवीतले दोन्ही डबे काढून झाकणं उघडली आणि ते त्यांच्यापुढे ठेवले. "काका, ह्यातलं गरमचं कुठलं?"

आवाज ओळखून काका हसले. त्यांनी एकेक डबा डोळ्यांजवळ नेला, उन्हाकडे तिरपा धरला, मग ठामपणे एक पुढं सरकवला. तो गार पाण्याचा होता.

ज्योतीरामनं दुसरा डबा त्यांच्याकडे सरकवला. त्यावरूनच काका समजले. त्यांचा हात डब्यावर तसाच राहिला.

"समदंच पिवळं दिसतंय रं," ते म्हणाले. "दोन महिनं झालं. घरात बी कुणाला ठावं न्हाई. एकदा कळलं की मला कोण बोलावतंय?"

"संत तुकाराम नगरचं केलं मी नीट. पाना घसरला म्हणून सांगितलंय. तुमचं नाव न्हाई घेतलं."

शाबासकी मिळेल असं त्याला वाटलं होतं. काका ताडकन उठले. "अजून चार घरं हायेत, ज्योत्या! चारी ठिकाणी तुझा पाना घसरणार व्हय?"

काकांनी खुंटीवरची टोपी चाचपून घेतली आणि त्याचा दंड धरून पायरी उतरले.

दिवेलागणीच्या आत दोघं मृदुलाताईंच्या दारात होते. बेल काकांनीच दाबली. ज्योतीरामला परत आलेला बघून मृदुलाताई तोंड सोडणार, इतक्यात काकांनी हात जोडले.

"बाई, ह्यो पोरगा तुमच्याशी खोटं बोलला. चूक माझी हाय. मला आता दिसत न्हाई."