कोरड्या बोटांची सवय

येवल्याच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली तरी आबा माझी पिशवी सोडेनात. कंडक्टरनं घंटी वाजवली, तेव्हा आई म्हणाली, "अहो, पोरगी गाडीत आणि पिशवी तुमच्या हातात. जायचं कसं तिनं?" मग कुठं त्यांनी ती खिडकीतून आत ढकलली आणि म्हणाले, "जे शिकशील ते पुरतं शिक. अर्धा हात घेऊन घरी येऊ नको." दुसऱ्यांचे वडील सांभाळून राहा, पत्र टाक, असलं काहीतरी सांगतात. आमच्या आबांचं हे असं. मला तेव्हा रागच आला, आणि गाडी हलली तरी मी नीट हातसुद्धा केला नाही.

ते चौऱ्याण्णव साल. नुकतीच बारावी झाली होती. आमचं घर पैठणी विणणाऱ्यांचं. घरात दोन माग, एकावर आबा, दुसऱ्यावर थोरला भाऊ. मला तिसरा माग कुणी मांडून देणार नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला तो नकोही होता. मला सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचं होतं. नाशिकच्या मावशीनं कळवलं होतं की तिथल्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वायरी जोडायच्या कामाला मुली घेतायत. तीन महिने ट्रेनी, जमलं तर पर्मनंट. त्या वर्षांत अशाच एखाद्या गाडीनं नाशिकच्या द्वारका नाक्यावर उतरलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हाला पुढचं वेगळं सांगायला नको. पण जे मागं राहिले त्यांना मी हे कधी धड सांगितलं नाही, म्हणून लिहितेय.

मी घाबरले नव्हते. उलट मला चांगलाच तोरा होता. लहानपणापासून मी घरात सांधणी केलेली. एक ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, विणून संपत आला की नव्या ताण्याचं एकेक टोक जुन्याच्या एकेका टोकाला जोडायचं, अशी हजारो टोकं. बोट जिभेला लावायचं, राखेला टेकवायचं, दोन टोकं एकत्र धरून पीळ द्यायचा. गाठ नाही मारायची, नाहीतर मागाच्या फणीत अडकते. केसाएवढं रेशीम जोडणारीला तांब्याच्या वायरीचं काय कौतुक, असं मी मावशीला पहिल्याच दिवशी ऐकवलं.

आमच्या लाईनवर शिंदे मॅडम सुपरवायझर होत्या. वायरीचं टोक सोलायचं, आतल्या बारीक तारांना पीळ द्यायचा, मग इस्त्रीनं तापवून सोल्डर लावायचं. सोल्डरिंगच्या त्या तापलेल्या दांडीला लाईनवर सगळे इस्त्रीच म्हणायचे. मी झपाट्यानं कामाला लागले. दुसऱ्या आठवड्यात मॅडम माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गं, सगळ्यांच्या टेबलावर धूर निघतो, तुझ्याच टेबलावर फोडणी कशी पडते?" खरंच माझी इस्त्री टेकली की बारीक चर्र व्हायचं. माझ्या सोल्डरला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडत होती आणि ट्रेमधला निम्मा माल रिजेक्ट होत होता. मॅडमनी मला त्यांच्यासमोर पाच वायरी करायला लावल्या. पाचही वेळा माझं बोट आधी जिभेला गेलं. ती थुंकीच इस्त्रीखाली चरचरत होती आणि मला पत्ताच नव्हता.

"अगं, या सोल्डरमध्ये शिसं असतं. ते तू दिवसभर चाटतेयस?" मॅडम चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्यांनी मला महिनाभराची मुदत दिली. सवय मोडली तर ठीक, नाहीतर घरी जा, तुझ्या जिवाची जबाबदारी मी घेणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्या संध्याकाळी अंबडवरून परत येताना मला आबांचा अर्धा हात आठवला आणि रडूच आलं. माझा हात अर्धा नव्हता हो. पुरता होता, पण दुसऱ्याच कामाचा.

आधी मी नुसतं लक्ष ठेवून पाहिलं. सावकाश काम करताना जमायचं, लाईनचा वेग वाढला की बोट तोंडात. मावशीनं तर बोटांना कडुनिंबाचा रस फासला, लहान मुलाचं अंगावरचं दूध तोडताना फासतात तसा. दोन दिवसांत मला कडुनिंबाची सवय झाली, बोटाची काही गेली नाही. मावशी हसून हसून बेजार. मला हसायला सुचत नव्हतं.

मग एकदा भाजी निवडताना मला आठवलं, मी सांधणी शिकले कशी. नऊ वर्षांची होते. मला पदरावरचे मोर विणायचे होते आणि आबांनी माझ्यापुढं तुटक्या धाग्यांचा गुंता टाकला. चार महिने त्यांनी मला माग शिवू दिला नाही. त्या चार महिन्यांतही आधी नुसतं दोन टोकं शेजारी धरणं, ते बसल्यावर पीळ. मी घाई केली की म्हणायचे, "एकच कर. पण तेच कर." मी इथं सगळी वायर एकदम सुधारायला निघाले होते. चुकत होती ती एवढीशी जागा, टोक सोलल्यानंतर पीळ देण्याआधीची.

मॅडमना विचारून मी भंगारातले वायरीचे तुकडे घरी आणले. शिफ्टच्या आधी तासभर मावशीच्या गच्चीवर बसायचे. इस्त्री नाही, सोल्डर नाही. डाव्या बाजूला एक सुती रुमाल ठेवायचा. टोक सोललं की हात उचलायचा, रुमालावर बोट पुसायचं आणि थांबायचं. बस, एवढंच. पिळायचंसुद्धा नाही. बोटाला कुठंतरी जायचंच होतं, तर मी त्याला जायला दुसरं ठिकाण दिलं. पहिले आठ दिवस मला स्वतःचीच कीव यायची. शेजारची बाई विचारायची, "काय गं, रुमालाला काय लागलंय एवढं?" पण तिसऱ्या आठवड्यात लाईनवर मॅडम माझ्या टेबलाशी थांबल्या, कान देऊन ऐकलं आणि पुढं गेल्या. फोडणी बंद झाली होती. मी पर्मनंट झाले.

पुढची वर्षं कशी गेली ते तुम्हाला माहीत आहेच. लग्न, नाशिकच्याच सिडकोत घर, दोन मुलं, मग मीच लाईनची सुपरवायझर. नव्या मुली यायच्या, त्यांना मी आधी एकच हालचाल शिकवायचे. त्या माझ्या माघारी नावं ठेवायच्या, ते मला चांगलं ऐकू यायचं. कमरेला खोचलेला रुमाल ही माझी ओळखच झाली होती. येवल्याला जात होते, पण पाहुणीसारखी. सण करायचा, पिशवीभर कांदे घ्यायचे, संध्याकाळची गाडी पकडायची.

मी घर सोडल्याला अकरा वर्षं झाली तेव्हा आबांचा फोन आला. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेलेली, भाऊ त्याच्या मागावर अडकलेला, आईचे हात थरथरायला लागलेले, आबांना जवळचा धागा दिसेना. मागावर नवा ताणा आलेला. "येती का चार दिवस? सांधणी हाय," एवढंच म्हणाले. मी रजा टाकली. मनात म्हटलं, दाखवते आता पुरता हात म्हणजे काय ते.

मागाशी बसले. सवयीनं रुमाल काढला, बोटं पुसली, दोन टोकं धरून पीळ दिला. तीसेक टोकं झाल्यावर आबांनी नुसतं एक बोट त्यांच्यावरून फिरवलं. सगळी सुटून आली. ज्या बोटाला जिभेकडं जाण्यापासून थांबवायला मी महिनाभर झगडले होते, ते आता काही केल्या तिकडं जाईना. शिसं नाही, रेशीम आहे, असं मनाला कितीही समजावलं तरी तोंड मिटलेलंच. मला फार लाज वाटली. आपल्याच घरातलं काम आपल्याला येत नाही, यापरतं परकेपण ते काय?

मग मी उठले, रुमाल वर फडताळात टाकला आणि परत बसले. पीळ नाही, जोडणं नाही. बोट जिभेला, राखेला, थांबायचं. एकच, पण तेच. दुपार त्यातच गेली. आई दाराशी बसून धान्य निवडत होती, मधेच म्हणाली, "आगं, जेवायचंय का नाय?" चहानंतर मी पहिलं टोक जोडलं. ते धरलं.

चौथ्या दिवशी जेवणाआधी ताणा पुरा झाला. सांधा साडीत येत नाही. तो फणीतून ओढून पुढं घेतात आणि विणकाम त्यानंतर सुरू होतं, त्यामुळं नेसणारीला तो कधी दिसतही नाही. आबा मागाशी बसले आणि डोळे मिटून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोटं नेऊ लागले. मी शेजारी उभी. मध्याच्या अलीकडं बोटं थांबली.

"इथपर्यंत कंपनीतली बाई हाय," आबा म्हणाले. "लय कडक पीळ. इथून तू हायेस."

मी विचारलं, "आधीची काढू का? परत जोडते."

"राहू दे," ते म्हणाले. "त्यांनीबी धरलंय."

आता माझं घर नाशिकला आहे. कुणी गाव विचारलं तर मी नाशिकच सांगते आणि त्यात मला खोटं वाटत नाही. पण मी कुठं संपते आणि कुठं सुरू होते, हे डोळे मिटून सांगणारा माणूस येवल्यात त्या मागाशी बसलेला असतो. त्या दिवशी ते मला स्टँडवर सोडायला आले. पिशवी त्यांच्याच हातात होती, आणि गाडी लागली तरी मी ती मागितली नाही.