गेटवरचा पेढा

समई चिंचेने घासताना हाताला पितळेचा वास लागला आणि बाबांच्या अंबरनाथच्या दारूगोळा फॅक्टरीचं गेट आठवलं. तेव्हा कारगिलचं युद्ध चालू होतं. आमचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशीही बाबा ओव्हरटाइमला होते, म्हणून मी आणि माझ्या वर्गातला सुनील पेढे घेऊन गेटवरच गेलो. तोफगोळ्यांच्या पितळी पुंगळ्या हाताळून बाबांचे हात काळे झाले होते.

"तूच भरव गं," ते म्हणाले. मी पेढा भरवला.

सुनील ऐटीत म्हणाला, "काका, मी तर फौजेत जाणार. तुमचे गोळे मीच उडवणार!"

"आधी बारावी तर पास हो," बाबा म्हणाले.

आम्ही दोघं पोट धरून हसलो. बाबा हसले नव्हते. पेढा त्यांच्या गालात तसाच राहिला होता, ते मला आज दिसतंय.