खिळेकाकांचे हात

खिळेकाकांनी जन्मभर खिळे केले, ठोकले मात्र फार थोडे. त्यांच्या घरात भिंतीवर मोजून एक खिळा होता आणि त्यावर बायकोचा फोटो. बाकीचे खिळे जगात कुठं गेले, कुणाच्या दारात बसले, कुणाच्या खाटेत, याचा त्यांनी कधी विचार केला नाही.

तेहतीस वर्षं ते एका लांबलचक शेडमध्ये यंत्रांच्या रांगेपुढं उभे राहिले. एका बाजूनं तारेचं वेटोळं आत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं खिळ्यांची सर पडायची. तिचा आवाज असा, की शेजारच्या माणसाच्या तोंडाशी कान नेला तरी नुसता त्याचा गरम श्वास लागायचा, शब्द काही यायचा नाही. मग माणसं हातांनी बोलायची. तार संपली, तेल घाल, थांब, इकडे ये, साहेब येतोय, जेवायला चल. सगळं हातांनी. नवा माणूस महिन्याभरात ते शिकायचा, आणि वर्षभरात आपण शिकलोय हेच विसरून जायचा. काका तर इतके विसरले होते, की घरी बोलतानाही त्यांचे हात चालायचे. बायको म्हणायची, "जेवताना तरी हात ताटात ठेवा. वाटीतली आमटी भिंतीवर जाते." काका म्हणायचे, "मी कुठं हात हलवतोय?" आणि हे म्हणतानासुद्धा त्यांचा हात हवेत असायचा.

बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी कापूस आला. पिंजलेल्या कापसासारखा पांढराशुभ्र कुत्रा, दोन्ही डोळे फिकट निळे. कारखान्याच्या बंद फाटकापाशी पिल्लू बसलेलं सापडलं. काकांनी आठ दिवस विचार करून नाव ठेवलं आणि दिवसातून शंभर वेळा ते नाव घ्यायला लागले. चार वर्षांत त्या दोघांचं असं जमलं, की काका म्हणायचे, "अर्ध्या शब्दात ऐकतो. माणसं ऐकणार नाहीत इतकं ऐकतो." संध्याकाळी पायरीवर बसून ते त्याच्याशी बोलत राहायचे. कापूस समोर बसून त्यांच्याकडं टक लावून पाहायचा. जगात आपलं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकत नाही, असं काकांना वाटायचं.

मग काकांना हर्निया निघाला. डॉक्टरांनी तारीख दिली. आठ दिवस दवाखान्यात आणि नंतर महिनाभर काही उचलायचं नाही. मुलगा दूर, दोन विमानं बदलून यावं लागेल इतका दूर. शेजारच्या वहिनी डबा द्यायला तयार होत्या, झाडांना पाणी घालायला तयार होत्या.

"कुत्रा सोडून काहीही सांगा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तो माझ्याकडं बघतो ना, तेव्हा मी काहीतरी चोरलंय असं मला वाटतं."

आठ दिवस कापसाला ठेवायचं कुठं, हा एकच प्रश्न उरला. तो सुटला नाही तर तारीख हुकणार, आणि दुखणं तर रोज वाढत होतं. खोकला आला तरी काका पोट दाबून धरायचे.

गावाच्या टोकाला कुत्र्यांचं पाळणाघर होतं. ते चालवणारी बाई उंच, दणकट, केस आखूड कापलेली. तिनं काकांच्या हातात एक कागद ठेवला. त्यावर तीन अटी होत्या. पहिली, नखं कापून आणि आंघोळ घालून आणायचं. दुसरी, एक दिवस चाचणीला ठेवायचं. तिसरी, लशींचा दाखला.

"चाचणी कसली?" काकांनी विचारलं.

"हाकेची. माझं फाटक रस्त्यावर उघडतं, काका. ट्रक जातात. हाक मारली की परत फिरेल, तोच कुत्रा मी ठेवते. दोन वर्षांपूर्वी एक परत फिरला नाही."

"मग झालंच म्हणा," काका म्हणाले. "आमचा अर्ध्या शब्दात ऐकतो."

दुसऱ्या दिवशी ते कापसाला कुत्र्यांच्या पार्लरमध्ये घेऊन गेले. तिथं उंच टेबल, नळाला लावलेली लवचीक नळी, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या कात्र्या. पार्लरवाला गोड बोलायचा. टेबलाजवळ येतानाच "राजा, बाळा, सोन्या" असं लांबून म्हणत म्हणत तो मागून आला आणि त्यानं कापसाच्या पाठीवर हात ठेवला. कापूस गर्रकन वळला आणि त्यानं पार्लरवाल्याच्या मनगटाला दात लावले.

"इतकं बोलत बोलत आलो तरी चावला," पार्लरवाला हात नळाखाली धरत म्हणाला. "काका, रागावू नका, पण तुमचा कुत्रा लबाड आहे. ऐकू न आल्याचं सोंग घेतो आणि डाव साधतो."

काकांची मान खाली गेली. चार वर्षांत कापसानं माशीलाही दात दाखवला नव्हता. शेवटी कापसाचं तोंड काकांनी दोन्ही हातांत धरलं, तेव्हा तो मेंढरासारखा उभा राहिला आणि नखं कापून झाली.

त्यानंतर चाचणी. सकाळी सोडून काका घरी आले, पण घरात चैन पडेना. चार वाजताच ते परत गेले. पाळणाघरवाली बाई अंगणात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तुमचा कुत्रा संत आहे," ती म्हणाली. "बारा कुत्री कोकलत होती आणि हा मधोमध गाढ झोपला होता. असा कुत्रा मी पाहिला नाही."

"मी म्हणालोच होतो."

"पण हाकेला शून्य. पन्नास वेळा ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी. ढुंकून बघत नाही. कापूस, कापूस करून माझा घसा बसला आणि हा फाटकाशी माझ्याकडं पाठ करून बसून राहिला."

काकांनी फाटकातून आत पाऊल टाकलं. कापसाची मान त्यांच्याकडं वळलेलीच होती. काका म्हणाले, "कापूस, ये." कापूस बाणासारखा आला. काका म्हणाले, "बस." कापूस बसला.

बाई बघत राहिली. "म्हणजे याला कळतं. फक्त माझं ऐकायचं नाही. मग तर मी मुळीच ठेवणार नाही, काका. मंद असता तर शिकवला असता."

काका परतीच्या वाटेवर दर दहा पावलांवर थांबत होते. एक म्हणतो लबाड. एक म्हणते संत, आणि त्याच तोंडानं म्हणते हट्टी. आपण म्हणतो गुणी. हे चार कुत्रे कुठून आले? दोरीच्या टोकाला तर एकच आहे. त्यांनी वाकून कापसाकडं पाहिलं. कापसानंही मान वाकडी करून त्यांच्याकडं पाहिलं. त्यालाही काही उमगलं नसावं.

वहिनींना त्यांनी सगळं सांगितलं. "अहो, पुरुषाची जात," वहिनी म्हणाल्या. "घरच्या बाईचं ऐकू येत नाही, बाहेरच्याचं येतं. तुमच्या कुत्र्याचं उलटं आहे एवढंच."

दाखला तर घ्यायलाच हवा होता. जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई लहानखुरी, चष्मा डोक्यावर सरकवलेली. तिनं दाखल्यावर शिक्का मारला. तेवढ्यात काकांनी मन मोकळं केलं. ते बोलत होते आणि ती लिहायचं थांबवून त्यांच्याकडं पाहत होती. तोंडाकडं नाही, जरा खाली.

"काका, त्याला बसायला सांगा बरं."

"बस," काका म्हणाले. कापूस बसला.

"आता उठवा. हां. आता ही फाइल धरा. दुसऱ्या हातात तुमची पिशवी घ्या. घट्ट धरा, त्यात औषधाची बाटली ठेवते आहे. आता सांगा बसायला."

"बस," काका म्हणाले. कापूस उभाच. तो काकांच्या तोंडाकडं पाहत होता, मग फाइलकडं, मग पिशवीकडं.

"बस की रे," काका म्हणाले. मग जरा मोठ्यानं. मग इतक्या मोठ्यानं, की बाहेर बाकावरच्या मांजरीनं टोपलीत उडी मारली. कापूस उभाच, नुसती शेपटी हळूहळू हलत होती.

"ठेवा सगळं खाली. आता सांगा."

काकांनी सगळं टेबलावर ठेवलं. त्यांचा आवाज उतरला होता. "बस," ते जेमतेम पुटपुटले. कापूस बसला.

डॉक्टरीणबाई उठली, कापसाच्या मागं गेली आणि स्टीलचा एक मोठा ट्रे तिनं फरशीवर सोडून दिला. काका खुर्चीतून उडाले. कापूस हलला नाही. त्याचे दोन्ही कान जसेच्या तसे होते.

"बहिरा आहे," ती म्हणाली. "बहुतेक जन्मापासून. असे पांढरे, निळ्या डोळ्यांचे पुष्कळदा असे निघतात. तुम्ही 'बस' म्हणता तेव्हा तुमचा उजवा हात खाली जातो, काका. तुम्हाला माहीत नाही का?"

काकांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. तो गुमान मांडीवर पडला होता.

त्या संध्याकाळी ते पायरीवर बसले, पण बोलावं की नाही ते त्यांना कळेना. आठ दिवस विचार करून ठेवलेलं नाव या जिवानं एकदाही ऐकलं नव्हतं. बायकोच्या शेवटच्या आठवड्याची गोष्ट त्यांनी मुलाला सांगितली नव्हती, ती याला सांगितली होती. ती गोष्ट कुठं गेली? आणि तो एवढा टक लावून ऐकत होता ते काय होतं? हातांनी त्याला काय सांगितलं असेल? तोंड रडकथा सांगत असताना हात कदाचित 'तेल घाल, तार संपली' म्हणत असतील. चार वर्षं हा प्राणी त्यांच्यासमोर बसून काय समजत होता, कोण जाणे.

वहिनी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "बरंच झालं की, भाऊजी. गुपितं शाबूत राहिली. माझ्याजवळ बोलला असतात तर आतापर्यंत गावभर झाली असती."

काकांना हसू आलं. हसताना पोटात कळ उठली आणि तारीख आठवली. चारच दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाळणाघराच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. बाईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी पन्नास वेळा ओरडले ते कुणासाठी?" ती म्हणाली. "खुणा दाखवा. जमतंय का बघू. पण फाटकाची अट तीच. लांबून बोलावल्यावर आला पाहिजे."

काका अंगणाच्या मधोमध उभे राहिले. उजवा हात वर केला आणि तिथंच अडकले. 'ये' म्हणजे काय करतो आपण? बोटं आत वळवतो? मनगट फिरवतो? त्यांनी एक करून पाहिलं, दुसरं करून पाहिलं. कापूस आधी उठला, मग बसला, मग त्यानं जांभई दिली.

"मला येत नाही," काका म्हणाले. "हातांना येतं. मला येत नाही."

"तुम्ही दाखवूच नका मग," बाई म्हणाली. "माझ्याकडं बघू नका. त्याच्याशी रोजच्यासारखं बोला. हात मी बघते."

तिनं खडू घेतला आणि भिंतीशी उभी राहिली. काकांना बोलायचा संकोच वाटत होता. त्याला ऐकू येत नाही हे आता ठाऊक झालं होतं. तरी ते बोलू लागले. "अरे ये इकडं. काय रे, रागावलास? बस. थांब जरा, जाऊ नकोस. चल, खायचं का?" कापूस आला, बसला, थांबला, वाटीकडं धावला. मागं भिंतीवर खडू करकरत होता. वळून पाहिलं तर चार हात काढलेले, खाली चार शब्द. वांग्यासारखे हात होते, पण काकांनी ते ओळखले. तीन हात तर शेडमधले होते, अगदी जसेच्या तसे.

मग बाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली. कापूस तिच्याकडं पाहत होता. तिनं कमरेपाशी हात धरून 'ये' केलं. कापूस जागचा हलला नाही. पुन्हा केलं. पुन्हा नाही. तिनं मान हलवली.

"वर करा," काका एकदम म्हणाले. "छातीच्या वर. खाली केलेली खूण यंत्रांआड जाते, पलीकडच्याला दिसत नाही." म्हटल्यावर त्यांनाच नवल वाटलं, ही गोष्ट त्यांना माहीत होती आणि माहीत आहे हे माहीत नव्हतं.

बाईनं हात छातीच्या वर नेला. कापूस उठला. क्षणभर त्यानं काकांकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि अंगण कापत तिच्या पायाशी जाऊन उभा राहिला.

"पाठमोरा असला तर पंचाईत," ती म्हणाली. "फाटकाजवळ जाईल तेव्हा लांब दोरी बांधीन. आणा सोमवारी."

सोमवारी सकाळी काका त्याला सोडायला आले. एका हातात दवाखान्याची पिशवी होती. कापसाच्या डोक्यावरून हात फिरवला, फाटकाबाहेर पडले, वळले आणि म्हणाले, "येतो रे."

कापूस तडक चालत फाटकापाशी गेला आणि अंगणाकडं तोंड करून, पाय पुढं टाकून बसला. पहारेकऱ्यासारखा.

"थांबा, थांबा," बाई म्हणाली. "ही कसली खूण? ही मी काढलेली नाही."

"कुठली?"

"आत्ता केलीत ती. छातीवर दोनदा हात मारला आणि तळवा पुढं उघडला."

काका पिशवी धरून उभे राहिले. शेडमध्ये पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला ही खूण करायचा. मी चाललो, यंत्र तुझ्या हवाली. तेहतीस वर्षं दिवसातून एकदा. आणि नंतर चार वर्षं रोज सकाळी दुधाला जाताना, दारातून, या कुत्र्याला. म्हणून तो ते परत येईपर्यंत उंबऱ्यावर तसाच बसून असायचा. काकांना वाटायचं, वाट बघतोय.

त्यांनी बाईला तसं सांगितलं. "आता त्याला वाटत असेल," ते म्हणाले, "हे सगळं मी त्याच्या हवाली केलंय. अंगण, कुत्री, तुम्हीसुद्धा."

"करू दे राखण," बाई खडू शोधत म्हणाली. "आणि परत आल्यावर काय करता? त्याला सुट्टी द्यायची खूण?"

काकांनी आपल्या मोकळ्या हाताकडं पाहिलं, उलटा करून पाहिलं, सुलटा करून पाहिलं.

"काहीतरी करत असणार," ते म्हणाले. "आठ दिवसांनी येतो तेव्हा तुम्ही नीट बघा, आणि मला सांगा."