चार नंबरच्या शर्टला विरोध

सुभानराव मोहिते रिक्षाचा मीटर शून्यावर पाहिल्याशिवाय आत बसत नाहीत. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला की दुसऱ्या हातावर पुन्हा घ्यायला लावतात. ही सवय त्यांना प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपनं लावली. चौतीस वर्षं ते तिथं तपासनीस होते. लेथवर कुणी पिन उतरवली की सुभानराव तिला मापाचं गेज लावणार, आणि गेज अडलं की पिन परत. पिन कुणाची आहे, त्याच्या घरी लग्न आहे की आजारपण, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यामुळं वर्कशॉपात त्यांना मान होता, मित्र बेताचेच होते.

दुसरा नाद फुटबॉलचा. बडोदं क्रिकेटचं गाव, इथं फुटबॉलचे शौकीन एका टेम्पोत मावतील. त्यातले बरेचसे अकोट्याच्या विश्वामित्री क्लबचे. क्लबच्या पुरुषांच्या टीमनं फारसं काही केलं नाही. नाव काढलं ते मुलींच्या टीमनं. सुभानराव क्लबचे आजीव सभासद, आणि नोकरीत असल्यापासून मैदान आखण्याचं काम त्यांच्याकडं. पगार नाही, पण चुन्याच्या रेषेला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, ही अट.

यंदाच्या जानेवारीत यशश्री जगताप निवृत्त झाली. तेरा वर्षं क्लबची बचावफळी तिनं सांभाळली, भारताकडून सत्तावीस सामने खेळली. क्लबचे सेक्रेटरी उदयसिंहराव यांनी ठराव मांडला, की चार नंबरचा शर्ट यापुढं कुणालाच द्यायचा नाही. क्लबच्या नियमाप्रमाणं अशा ठरावाला एका जरी आजीव सभासदाचा लेखी विरोध असला तर तो बारगळतो. विरोधाचा एकच कागद आला. कुणाचा, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.

सभेच्या आधीच्या रविवारी नेहमीची मंडळी प्रतापनगरात सेवउसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जमली होती. गजेंद्र पाटील सरळ मुद्द्यावर आला. तो मूळचा जळगावचा, रिफायनरीत शिफ्टला आहे, आणि यशश्रीबद्दल वाकडा शब्द ऐकून घेत नाही.

"काका, तेवढा कागद मागं घ्या. आपल्या गावातून भारताकडून दुसरी कोण खेळली, सांगा."

"भारताकडून खेळली, कबूल. आपल्याकडून किती खेळली?"

"तेरा वर्षं!"

"त्यातनं कॅम्पचे महिने वजा कर."

"देशासाठी गेली होती काका, महाबळेश्वरला नाही."

"आणि ती पेनल्टी?"

पेनल्टी पुन्हा निघालेली ऐकून लारीवाल्यानं मान हलवली. "काका, पेनल्टी पाछी आवी? उसळ ठंडी थाय छे."

पेनल्टी नऊ वर्षांपूर्वीची. राज्याची अंतिम मॅच, घरच्या मैदानावर, समोर अहमदाबादची टीम. शून्य-शून्य. ऐंशीव्या मिनिटाला विश्वामित्रीला पेनल्टी मिळाली. यशश्रीनं तोवर क्लबकडून एकही पेनल्टी चुकवली नव्हती. चार पावलं मागं जायची आणि बॉल गोलच्या आडव्या बारच्या खाली, वरच्या कोपऱ्यात मारायची. त्या दिवशी बॉल बारला वरून चाटून बाहेर गेला, आणि पाच मिनिटांत अहमदाबादनं गोल केला. मॅच जिंकली असती तर क्लबला देशपातळीच्या स्पर्धेला जावं लागलं असतं, आणि तिच्या तारखा भारताच्या कॅम्पवरच येत होत्या. यशश्रीचं नाव कॅम्पच्या यादीत पहिल्यांदाच आलेलं. क्लब हरला, ती मोकळी झाली आणि दोन दिवसांनी विमानात बसली. तेव्हापासून सुभानरावांचं म्हणणं एकच, पेनल्टी तिनं मुद्दाम चुकवली.

"हे काय गेज लावून बघितलंत?" गजेंद्रनं विचारलं.

बाकीचे हसले. सुभानराव हसले नाहीत.

"माझ्या मोबाईलवर सगळी मॅच आहे," गजेंद्र म्हणाला. "पाठवतो. मुद्दाम बाहेर मारल्याचं एक जरी लक्षण दिसलं ना, तर मी स्वतः तुमच्या कागदावर सही करीन."

सुभानराव गोत्रीला मुलाकडं राहतात. दुसऱ्या दिवशी दुपारी सून शलाका हिनं व्हिडिओ लॅपटॉपवर लावून दिला आणि थांबवायचं कसं ते दाखवलं. त्यांनी पेनल्टी बावीस वेळा पाहिली. यशश्रीची नजर कुठं आहे, पाय ढिला पडला का, मारल्यावर चेहऱ्यावर काय आलं. ती चार पावलं मागं गेली, धावली, जोरात मारला. काही सापडेना. तरी संशय हटेना. म्हणून त्यांनी बॉल ठिपक्यावर ठेवला होता तिथं चित्र थांबवलं आणि ड्रॉवरमधून सहा इंची स्टीलची पट्टी काढली.

शलाका दारात उभी होती. "पप्पा, स्क्रीनवर ओरखडे पडतील."

"नाही पडणार."

पेनल्टीचा ठिपका गोलपासून अकरा मीटर. पेनल्टी बॉक्सची रेषा साडेसोळा मीटरवर. म्हणजे ठिपका ते गोल हे अंतर ठिपका ते रेषेच्या दुप्पट यायला हवं. पट्टीवर ते अडीचपटीच्याही वर आलं. कॅमेरा तिरका धरला असेल, अशी त्यांची पहिली शंका. म्हणून मैदानाच्या दुसऱ्या टोकाचं चित्र थांबवून तिथं पट्टी लावली. तिथं दुप्पट आलं. मग त्यांना वाटलं, व्हिडिओत कुणी काही केलं असेल. मग वाटलं, ठिपका कुणीतरी रात्रीतून सरकवला. अहमदाबादच्या माणसांवर त्यांचा संशय पंधरा मिनिटं टिकला. मग आठवलं, मॅचच्या सकाळी गोलसमोरची उखडलेली जागा नव्या मातीनं भरली होती, आणि त्या टोकाचा ठिपका नव्यानं आखावा लागला होता. आखणारा माणूस एकच होता.

त्यांनी व्हिडिओ सुरुवातीला नेला. गजेंद्रनं मॅचच्या आधीची गडबडही टिपली होती. चुन्याची बादली, गुडघ्यावर बसलेले सुभानराव, त्यांच्या हातात पिवळा टेप.

त्या टेपवर ते बराच वेळ थांबले. क्लबचा जुना टेप पांढरा होता आणि त्याचा पहिला मीटर फाटून गेलेला. म्हणून सुभानराव तो एकच्या आकड्यापासून धरायचे आणि अकराच्या जागी बारावर खूण करायचे. सात वर्षं हात त्यालाच सरावलेला. अंतिम मॅचसाठी क्लबनं नवा पिवळा टेप आणला होता. तो शून्यापासून सुरू होत होता. त्यांनी तो शून्यापासून धरला, आणि खूण बारावर केली. पुढच्या हंगामात सगळंच मैदान नव्यानं आखलं गेलं आणि चूक मातीखाली गेली.

एक मीटर. चढता बॉल मारणाऱ्याला एक मीटर म्हणजे किती, हे त्यांनी कागदावर मांडून पाहिलं. बॉल नक्की गोलमध्ये गेला असता, असं त्या आकड्यांतून निघेना. नसता गेला, असंही निघेना.

रात्री जेवताना मुलानं विचारलं, "सापडलं का काही?"

"बघतोय," ते म्हणाले. विरोधाचा कागद नुसतं तोंडी सांगून परत घेता येतो, कारण सांगावं लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. चार दिवस ते त्याचाच विचार करत होते.

सभेला क्लबच्या खोलीत तीस-एक माणसं होती. यशश्री शेवटच्या रांगेत बसली होती. उदयसिंहराव म्हणाले, "सुभानराव, विरोध तुमचा. बोला."

सुभानराव उभे राहिले. "त्या दिवशी ठिपका बारा मीटरवर होता. मी आखला होता. नवा टेप होता, मी जुन्यासारखा धरला."

 एकदम सगळे बोलायला लागले.

"नऊ वर्षं नाही दिसलं, आज बरं दिसलं!"

"रेफरी काय झोपला होता?"

गजेंद्र तर चक्रावलाच. "काका, खरं सांगा हं. तुम्हाला कुणी भेटायला आलं होतं का?"

"तुझाच व्हिडिओ आहे. पट्टी आणलीय, ये, मोज."

तीनचारजण उठून मोजायला आले. बाकीचे बसल्या जागेवरून सुभानरावांकडं बघत राहिले. आयुष्यभर ते दुसऱ्यांकडं जसं बघत आले, तसंच. ते खिशाला हात लावून उभे राहिले. कुणी शिवी दिली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

मागून यशश्री उभी राहिली. "काका, मीटरचं मला माहीत नव्हतं. पण ठिपका लांब वाटला होता. चार पावलं मागं गेले तर मी नेहमीपेक्षा बॉक्सच्या रेषेजवळ होते."

"मग रेफरीला सांगितलं का नाहीस?"

"कॅम्पची तारीख डोक्यात होती. हात वर करू की नको, एवढ्यात शिट्टी झाली. मारला मी गोलसाठीच. पण बॉल वर गेला तेव्हा मी रडले, ते सगळ्यांनी बघितलं. थोडं बरंही वाटलं होतं. ते कुणाला दिसलं नाही."

 उदयसिंहरावांनी पेन खाली ठेवलं. "यशश्री, हे आज सांगायची गरज होती का?"

"काकांनी त्यांचं सांगितलं ना."

सुभानरावांनी तिच्याकडं पाहिलं. ती मुद्दाम चुकली नाही, हे ती म्हणते. तपासायला काही नव्हतं. असं कुणाचं म्हणणं त्यांनी आजवर नुसतं ऐकून मान्य केलं नव्हतं.

"माझा विरोध मागं," ते म्हणाले. "कारण लिहा. ठिपका चुकला, मोजणारा सुभानराव मोहिते."

"ठीक आहे. आणि ती म्हणाली ते?"

"ते तिला विचारा."

"लिहा," यशश्री म्हणाली.

ठराव मंजूर झाला. टाळ्या वाजल्या, पण जरा उशिरानं आणि विखुरलेल्या. दारात चपला शोधताना गजेंद्र रागानं लाल झाला होता. नऊ वर्षं तो तिच्यासाठी लारीवर सगळ्यांशी भांडला होता.

"बरं वाटलं म्हणते! काका, म्हणजे तुमचंच खरं निघालं की. आत जा, कागद परत द्या. मी सही करतो."

"मी म्हणत होतो तिनं मुद्दाम चुकवली."

"मग? तेच ना?"

"नाही. तेच नाही," सुभानराव म्हणाले आणि मैदानाच्या बाजूनं बाहेर पडले. गजेंद्र मागून बोलतच होता. पार्किंगपर्यंत त्यानं आणखी दोघांना गोळा केलं, आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. या वेळी यशश्रीच्या बाजूनं बोलायला कुणीच नव्हतं. सुभानरावांनी स्कूटरला किल्ली लावली, मग काढली, आणि ते त्या तिघांकडं परत चालत गेले.