पत्रिकेतली खालची ओळ

मंजूषा माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ आणि भावजय दोघंही गेले, म्हणून तिच्यामागे वडीलधारा असा मीच. आणि अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्याचसाठी केलेली आहे.

सदतिसाव्या वर्षी तिनं दुसऱ्या लग्नाचं ठरवलं. विनायक नाशिकचा, कारखान्यात इंजिनिअर, विधुर, कमी बोलणारा. पहिल्या नवऱ्याशी, शैलेंद्रशी, घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली होती. आठ वर्षांची सुरुची मंजूषाकडेच होती, पण तिच्या ताब्याचा खटला लोंबकळत होता. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. शहाण्या बाईला ओढून चढवली तर तिनं काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

शैलेंद्र इथेच भोपाळात, अरेरा कॉलोनीत राहतो. एक रविवार सोडून एक मुलीला भेटायची त्याला मुभा होती. तिनातल्या दोन वेळा तो यायचाच नाही. त्याला मुलगी नको होती. फक्त ती दुसऱ्याच्या घरात हसताना नको होती. मला त्याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

मुलीला नाशिकला न्यायची परवानगी मंजूषानं कोर्टाकडे मागितली होती. मिळेल, असं तिचे वकील म्हणाले. त्या भरवशावर तिनं सरकारी ऑफिसातली कारकुनी सोडली, शिवाजी नगरचं क्वार्टर रिकामं केलं आणि लेकीला घेऊन माझ्या दोन खोल्यांत आली. "काका, पत्रिका नको. चार जणांना फोन करू," एवढंच तिचं म्हणणं होतं. पण मी कसला ऐकतोय! आपल्यात काय चोरून लग्न करतात का, म्हणालो, आणि टी. टी. नगरात पन्नास पत्रिका छापायला टाकल्या.

आपल्या पत्रिकेत तळाशी घरातल्या पोरांची लाडिक ओळ असते. माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं, वगैरे. सुरुचीनं सगळ्या भावंडांची नावं अशी छापलेली पाहिली होती, तिचं कधी कुणी टाकलं नव्हतं. माझ्या मांडीवर बसून तिनं मजकूर सांगितला आणि मी तसाच लिहून घेतला: "माझ्या आईच्या लग्नाला यायचं हं! मग आम्ही तिघं नाशिकला जाणार!" खाली, सुरुची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मूर्खांच्या डोळ्यांत लगेच येतं.

भोपाळात मराठी घरं ती किती! एक पत्रिका फिरत फिरत शैलेंद्रच्या हाती पडली. पुढच्या तारखेला त्याच्या वकिलानं ती ओळ भर कोर्टात वाचली, हिंदीत समजावली आणि म्हणाला, "साहब, इजाज़त मिली नहीं और घर में फ़ैसला हो चुका है. वो भी बच्ची के मुँह से." मंजूषाच्या वकिलांनी पुष्कळ सांगितलं, पोरीची हौस आहे, दुसरं काही नाही. पण हुकूम झाला: निकाल लागेपर्यंत मुलीला भोपाळबाहेर न्यायचं नाही. लग्नाला चार दिवस उरले होते.

लग्न झालं. विनायक एकटाच परत गेला. आधी महिन्यातून दोनदा यायचा, मग एकदा, आता नुसता फोन येतो. त्याला तरी काय दोष देऊ? मंजूषा एका खाजगी शाळेत प्रवेशाचे अर्ज तपासते. धड सासरी नाही, धड माहेरी नाही. शैलेंद्र हुकमानंतर दोन रविवार आला, मुलीबरोबर फोटो काढले आणि यायचा बंद झाला. पावणेदोन वर्षं झाली, अजून तारखाच चालू आहेत.

मंजूषानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर सुटलो असतो.

परवा माझ्या बहिणीनं नागपूरहून तिच्या मुलाच्या, प्रसादच्या, लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायला पाठवला. प्रसाद सुरुचीचा लाडका मामा. खालच्या ओळीत सुरुचीचं नाव हवंच, असं बहिणीनं बजावलं होतं. मी तिला हाक मारली. "काय लिहू, सांग." मंजूषा पलीकडे भाजी चिरत होती, तिचा हात थांबला.

सुरुचीनं मजकूर शेवटपर्यंत वाचला.

"आजोबा, या वेळी लिहा, आम्ही कुठेच जाणार नाही," ती म्हणाली. "मग जाऊ देतील."