अंदाजवहीतलं बिनसहीचं पान

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. दोन-तीनदा अगदी ओठांपर्यंत आलं होतं — मग चहा उतू गेला, कुणाचा तरी फोन आला, आणि मी सुटले. खरं सांगू? चहा उतू जात नव्हता. मीच उठून गॅसकडे पळाले.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही. तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे, आणि आत्ताही वाटतंय की दोरीवरचे कपडे काढून आणावेत. कपडे अजून ओलेच आहेत.

सुरुवात एका कॉमिक्सपासून होते. हसायचं असेल तर हसा, मलाही कधीकधी हसू येतं.

आम्ही नववीत होतो. दोन हजार दोन-तीनची गोष्ट. गाव गोंदिया जिल्ह्यात, हायवेवरच्या कोहमाऱ्यापासून सायकलच्या अंतरावर, शाळा सडक अर्जुनीला. जाता-येता आमच्या सायकली कोहमाऱ्याच्या चौकात, गुड्डूभाऊच्या वह्या-पेनच्या दुकानापाशी थांबायच्या. गुड्डूभाऊ हिंदी कॉमिक्स भाड्याने द्यायचा. ती रायपूरकडून येणारे ट्रकवाले त्याला आणून द्यायचे, म्हणजे सगळा कारभार ड्रायव्हरच्या आठवणीवर. सातवा भाग आला की आठवा येईलच असं नाही. कधी सहावाच दोनदा यायचा.

त्यातलं आमचं लाडकं म्हणजे ‘लहूगढ’. रक्तपिशाच्चांचं. एक मिशीवाला शिकारी त्यांच्या मागावर असायचा, पण त्याला कोण विचारतो? आम्हाला वेड होतं मिश्री आणि बताशाचं. खलनायक तेच, पण दिसायला इतके गोड की उचलून घ्यावेत. बताशा गुबगुबीत, अंगठा चोखणारा. मिश्रीच्या दोन वेण्या, लाल रिबिनी, गालाला खळी. वाट चुकलेली लेकरं म्हणून कुणाच्याही दारात उभे राहायचे, घरची बाई कळवळून त्यांना आत घ्यायची, दूध द्यायची — आणि पान उलटलं की सगळं लालच लाल. छपाई इतकी स्वस्तातली की रक्त चौकटीबाहेर वाहायचं. शेवटी मिश्री रुमालाने तोंड पुसायची, नीट घडी घालून रुमाल खिशात ठेवायची. त्या घडीवर आम्ही फिदा होतो.

मधले भाग हुकायचे, म्हणून अंदाज. हे दोघं कोण? खरंच लेकरं की तीनशे वर्षांचे म्हातारे? मिश्री लहान मुलांना का सोडते? गुड्डूभाऊने आमची बडबड ऐकून-ऐकून एक लांब वही दुकानाच्या खांबाला सुतळीने बांधून ठेवली होती. अंदाजवही. ज्याला जे सुचेल ते त्याने लिहावं. शाळेची पोरं लिहायची, ट्रकचे क्लीनरही लिहायचे, सही करा किंवा करू नका. नवा भाग आला की गुड्डूभाऊ सगळ्यांत भारी अंदाजावर लाल पेनाने चांदणी काढायचा, आणि चांदणीवाल्याला नवा भाग सगळ्यांच्या आधी वाचायला मिळायचा. बस, एवढंच. एवढ्यासाठी मी जे केलं ते केलं.

आम्ही चौघं होतो. ढाब्यावाल्याचा प्रमोद, त्याच्या नावावर तेव्हा सात चांदण्या होत्या आणि तो त्या मोजून दाखवायचा. सुरेखा, आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंची मुलगी — मोजकं बोलणारी, पण तिलाही दोन चांदण्या होत्या. मी. आणि वंदना.

वंदना माझी मैत्रीण. सगळ्यात जवळची, असं मी तेव्हा म्हणायचे. बारीक अंगाची, डोळ्यांत कायम थोडी पिवळी झाक, महिन्यातून एक-दोन दिवस शाळेत नसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, मामाकडे गेली होती. तिच्या मामाचं आम्हाला नवल वाटायचं.

मला एकही चांदणी नव्हती. हे मी आत्ता किती शांतपणे लिहिलं बघा! तेव्हा जळफळाट व्हायचा. मी पानंच्या पानं लिहायचे आणि प्रमोद ती मोठ्याने वाचून दाखवायचा, नाकातून.

एके दिवशी दुकानापुढे असाच वाद चालला होता. वंदना म्हणाली, “मिश्री खराब नाई. बिमार हाये ते. तिचं रक्त आंगातच तुटते, म्हणून दुसऱ्याचं घ्या लागते तिले. मजा नाई येत तिले.” प्रमोद हसला, मी हसले. सुरेखा हसली नाही. ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. “वहीत लिही ना,” मी म्हटलं. वंदना म्हणाली, “नको.”

परत येताना नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर तिने सायकल थांबवली आणि मला सांगितलं. तिला सिकलसेल होता, घराण्यातून येणारा रक्ताचा आजार. मामा-बिमा कुणी नव्हता. दर महिन्याला आई तिला गोंदियाला दवाखान्यात नेते, रक्त चढवतात, मग काही दिवस हातपाय दुखत नाहीत. धाकट्या बहिणीचं पुढे लग्न व्हायचं आहे म्हणून घरच्यांनी कुणालाच कळू दिलेलं नाही. नर्सबाईंना तेवढं माहीत, कारण दवाखान्याची चिठ्ठी त्याच देतात. “तुले सांगतलं म्हणून माझ्या आईले सांगजो नको,” ती म्हणाली. शपथ घातली नाही. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता.

इथे मी मघापासून घुटमळते आहे. पुढचं लिहिते.

‘लहूगढ’चा बारावा भाग आलाच नाही. तेरावा आला त्याच्या मुखपृष्ठावर मिश्री खाटेवर पडलेली, डोळे खोल गेलेले, आणि बताशा तिचा हात धरून बसलेला. सगळा चौक वेडा झाला. मधे झालं काय? गुड्डूभाऊने तेरावा भाग गल्ल्यामागे ठेवून दिला. म्हणाला, “पहले अंदाज, फिर किताब.” त्या दिवशी वंदना शाळेत नव्हती. ती कुठे आहे हे वर्गात मला ठाऊक होतं — मला आणि सुरेखाला.

दुपारच्या सुट्टीनंतर मी पोट दुखतंय सांगून निघाले, दुकानात आले. गुड्डूभाऊ आत जेवत होता. चांदणी मिळाली तरच नाव सांगायचं असं ठरवून मी वही उघडली आणि पेन डाव्या हातात धरलं.

डाव्या हातात. आता सांगा, मी भोळी होते? मला कळत नव्हतं? ज्याला कळत नाही तो उजव्या हाताने लिहितो.

मी लिहिलं की मिश्री दुष्ट नाही, तिचं रक्त अंगात तुटतं, बाराव्या भागात तिला कुणाचंच रक्त मिळालं नसणार. वंदनाचाच अंदाज, तिच्याच शब्दांत. तिथे थांबले असते तर ती नुसती चोरी झाली असती. पण मला प्रमोदचं नाकातून वाचणं आठवलं — आणि मी पुरावा दिला. खाली लिहिलं : खोटं वाटत असेल तर सडक अर्जुनीच्या शाळेत नववीत एक मुलगी आहे, बारीक, पिवळ्या डोळ्यांची, ती महिन्यातून एकदा गोंदियाला जाऊन दुसऱ्याचं रक्त घेते, आणि सांगते मामाकडे गेली होती.

नाव लिहिलं नाही. नाव लिहायची गरज होती का?

दुसऱ्या दिवशी त्या पानावर लाल चांदणी होती. गुड्डूभाऊ विचारत होता, “किसने लिखा भाई? बढ़िया लिखा है.” मी चांदणीकडे बघत उभी राहिले. छाती फुलली होती — लाज नंतर आली, आधी छाती फुलली, हे लपवणार नाही. मग शेजारी कुणीतरी म्हणालं, “अबे, ही तर वंदना हाये,” आणि मी नाव न सांगताच सायकल काढली. तेरावा भाग प्रमोदने आधी वाचला.

आठवड्याभरात वंदनाचं नाव मिश्री पडलं. तिच्या बाकावर कुणीतरी स्टीलचा रिकामा ग्लास ठेवला. वर्गातल्या मुली तिच्यानंतर माठाचं पाणी पिईनात. ‘रक्त घेते’चं ‘रक्त पिते’ व्हायला किती वेळ लागतो? कोहमाऱ्याला ती आईसोबत गोंदियाच्या बससाठी उभी असली की सायकलवरून पोरं ओरडून जायची, मिश्री चालली प्यायले. तिने एक महिना जायचं टाळलं. मग दुसराही.

त्याच दिवसांत एकदा, त्याच नहरावर, तिने मला विचारलं. नुसतं विचारलं, डोळ्यांत संशयही नव्हता.

“तूनं लिहलं का वं?”

“मी काऊन लिहू?” मी म्हटलं. आणि तिने पुढे काही विचारायच्या आत, “सुरेखाची आई नर्स हाये. तिच्या घरी बिमारांचं रजिस्टर हाये ना?”

बघा, सुरेखाने लिहिलं असं मी म्हटलंच नाही. रजिस्टर तर होतंच. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आले — मी खोटं बोलले नाही. किती सफाईने केलं होतं! पंधराव्या वर्षी.

वंदनाची आई दुसऱ्याच दिवशी नर्सबाईंच्या क्वार्टरपुढे उभी राहून बोलली, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. नर्सबाईंनी घरात जाऊन सुरेखाला मारलं. सुरेखा ओरडत होती, “मी नाई वं आई, मी नाई,” आणि मी आमच्या ओसरीत तांदूळ निवडत होते. एकेक खडा वेचून काढत होते. त्यानंतर सुरेखा आमच्याबरोबर शाळेत आली नाही, एकटीच पुढे सायकल काढायची.

आणि थंडीतल्या एका सकाळी वंदनाला दुखायला लागलं. कमरेपासून खाली, दोन महिन्यांचं साठलेलं. नर्सबाई चार घरं पलीकडे राहायच्या. त्यांच्याकडे गोळ्या होत्या, तालुक्याहून जीप बोलवायची सोय होती. वंदनाच्या आईने त्यांना हाक मारली नाही. “त्या बाईच्या दारात मी नाई जात,” म्हणाली. मी तिथेच होते, वंदनाचे पाय दाबत होते. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं उमटली. मी तेव्हा बोलू शकले असते. मावशी, नर्सबाईंना बोलवा, त्यांच्या पोरीचा काही दोष नाही. एवढं एक वाक्य. सकाळची दुपार झाली. शेवटी एका ओळखीच्या ट्रकवाल्याने तिला गोंदियाला नेलं.

ती वाचली. पण उजवा खुबा गेला. हाडाला रक्त पोचलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसाच्या उशिरामुळे, की आधी चुकवलेल्या दोन महिन्यांमुळे — मी कुणाला विचारलं नाही. दोन्हीत मीच आहे. तिची दहावी दोन वर्षं उशिरा झाली. धाकटीचं लग्न दोनदा ठरून मोडलं, मग दूर छत्तीसगडमध्ये करून दिलं.

आता वंदना गोंदियात असते. ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या दुकानात बसते, काठी घेऊन चालते, रक्त अजून घेते. आणि मला आठवड्यातून एकदा फोन करते. माझ्या मुलीला म्हणते, “तुझी आई नसती ना, तर मी शाळेतच मेली असती. सारे मले सोडून पयाले, हे एक नाई पयाली.” मुलगी माझ्याकडे कौतुकाने बघते. मी तेव्हा कुठे बघत असेन?

मागच्या उन्हाळ्यात गावात एक लग्न होतं. वंदना आणि मी जेवून मांडवाच्या कडेला बसलो होतो. समोर सुरेखा दिसली. तीही आता नर्स झाली आहे, देवरीकडे कुठेतरी. तिने आम्हाला पाहिलं, हातातली प्लेट खाली ठेवली आणि तिथेच उभी राहिली — येऊ का, असं विचारत असल्यासारखी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

वंदना खूप वेळ तिच्याकडे बघत होती. मग मला हळूच म्हणाली, “बुढ्या झालो ना वं आपण साऱ्या. वाटते, जाऊ द्यावं आता. बोलू का तिच्याशी? तू सांग.”

माझ्या मनात एकच होतं. या दोघी बोलल्या, की सुरेखा म्हणेल मी नाही लिहिलं — आणि या वेळी वंदना तिचं ऐकेल. मग उरतं कोण?

“राहू दे,” मी म्हटलं. “कायले जुनं उकरून राहिली?”

वंदनाने मान हलवली. काठी टेकत उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि सुरेखाच्या समोरून तिच्याकडे न बघता निघून गेली. सुरेखा तशीच उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, आणि वंदनाच्या मागे चालू लागले.